ठकूबाई कासारणीनं उशिरा दिलेला निरोप

फार वर्षांपूर्वी, बोरदऱ्याला अजून गाडीवाट झाली नव्हती आणि बांगड्या बाईच्या डोक्यावर बसून गावात यायच्या, तेव्हाची ही गोष्ट. बसा नीट. बारक्या पोरांनो, तुम्हीही बसा, ही तुम्हीही ऐकायचीच आहे.

त्या काळी ठकूबाई नावाची कासारीण होती. टोपलीत हिरवा चुडा घेऊन ती सात गावं फिरायची. तिची बोटं इतकी हलकी, असं म्हणतात, की लहानातली लहान बांगडी हातावर चढायची आणि बाईला कळायचंही नाही. जिथं परक्या पुरुषाला ओसरीवरच थांबावं लागे, तिथं ठकूबाई थेट माजघरात जाई. म्हणून तिच्या सासूनं तिला धंद्याचा नेम घालून दिला होता: हात बघावा, तोंड मिटावं. एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं नाही. ठकूबाईनं हा नेम वीस वर्षं पाळला, आणि त्याचा तिला मोठा अभिमान होता.

गावात सुभानराव म्हणून एक गडी होता. उंचापुरा, गोडबोल्या, शर्यतीच्या बैलांचा शौकीन. बैलांवर त्यानं कधी चाबूक उगारला नाही. सगळा राग घरी आणायचा, बायकोसाठी राखून ठेवलेला. त्या बायकोचं नाव सगुणा.

आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण सगुणाच्या फुटायच्याच. बाकीच्या बायका सणासुदीला बांगड्या भरत, सगुणाला आधी महिन्यानं लागायच्या, मग पंधरवड्यानं, मग आठवड्याला. कधी म्हणे गाईनं हिसडा दिला, कधी जात्याचा खुंटा लागला. ठकूबाई तिचा हात हातात घ्यायची, मनगटावरचे पाच बोटांचे वळ बघायची आणि मुकाट्यानं बांगडी चढवायची. एकदा तर मनगट इतकं सुजलेलं, की नेहमीच्या मापाची बांगडी जाईना. तेव्हा सगुणा हळूच म्हणाली, "मावशी, तुमी माज्या माह्यारावरनं जाता. दादाला एवढंच सांगा, मला न्यायला ये म्हनावं."

ठकूबाईचा जीव कळवळला. पण नेम आडवा आला. "भांड्याला भांडं लागतंच, बाई," असं म्हणून तिनं टोपली उचलली. दुसऱ्या दिवशी सगुणाच्या माहेरी गेली. भावानं तांब्याभर पाणी दिलं. ती पाणी प्याली आणि काही न बोलता पुढं गेली. राग येतो ना तिचा? मलाही येतो. पुढं तिला स्वतःचाही आला.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. सगुणा विहिरीत सापडली होती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला हिरवा चुडा भरून वाटेला लावायची रीत, म्हणून कासारीण हवी होती. सुभानराव कपाळाला हात लावून जो येईल त्याला सांगत होता, पाणी शेंदताना पाय घसरला. ठकूबाई सगुणाजवळ बसली. गळ्यावरचा पदर जरा सरकवला, तर तिथं तेच वळ. तीच पाच बोटं.

तिनं पहिली बांगडी चढवली, ती पिचली. दुसरी चढवली, तीही पिचली. जिच्या हातून वीस वर्षांत बांगडी फुटली नव्हती, तिच्या हातात त्या दिवशी पुरा चुडा एकामागून एक फुटला. सगुणाच्या हातानं त्याच्या नावाची एकही बांगडी ठेवून घेतली नाही, असं म्हणतात. बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या.

"कासारणीचा मालच खोटा!" सुभानराव ओरडला. ठकूबाईनं नेम तेव्हाही मोडला नाही, खाली वाकून काचा वेचल्या. सगुणा उघड्या मनगटांनी गेली.

दोन महिने झाले नाहीत, तोच एका सकाळी पाणवठ्यावर बातमी: सुभानराव पुन्हा बोहल्यावर चढतोय! मुलगी घाटापलीकडच्या कुसवड्याची, तुळसा नावाची. लग्न आजच, दुपारच्या मुहूर्तावर! ठकूबाईनं ऐकलं आणि टोपली तिथंच टाकली. बांगड्यांचा खळकन आवाज झाला, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. निघाली! धडधाकट गड्याला तो घाट ओलांडायला दोन प्रहर लागत. ठकूबाई एका प्रहरात पार झाली, असं म्हणतात. बाभळींनी काटे मागं घेतले, ओढा सरकून बाजूला झाला. खरंखोटं देव जाणे, पण अंतरपाट धरायच्या आत ती मांडवात होती. तुळसाचा हात हातात घेऊन तिथला कासार पहिली बांगडी चढवणार, एवढ्यात ती ओरडली, "थांब! भरू नगंस!"

वाजंत्री थांबली. धापा टाकत ठकूबाईनं भरल्या मांडवात सगळं सांगितलं. हातावरचे वळ सांगितले, गळ्यावरचे सांगितले.

सुभानराव आधी हसला. "म्हातारी चळलीया. मंडळी, म्हुर्त टळंल." चार माणसंही हसली. तुळसाचा बाप गोंधळून एकदा हिच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. आता पोरगी जाते की राहते, सगळं एका केसावर टांगलेलं!

तेव्हा ठकूबाई त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. "सगुणानं भावाला निरोप धाडला हुता, सुभानराव. म्यां दिला न्हाई. दिला असता तर ती आज जित्ती असती. त्यो निरोप मी आता समद्यास्नी देती. तू तिचा गळा दाबलास!"

आणि त्याचा ताबा सुटला. त्यानं तिचं मनगट पकडलं आणि पिळलं. सवयीचा हात तो, बरोबर जागेवर पडला. त्याच क्षणी कासाराच्या टोपलीतला सगळा चुडा आपोआप फुटला, असं म्हणतात. त्यानं दचकून हात सोडला, तर ठकूबाईच्या मनगटावर पाच बोटं लालभडक उमटलेली. ती तिनं मांडवभर फिरवून दाखवली.

तुळसा पाटावरून उठली. "बाबा, ह्यो हात मला धरायचाय व्हय?"

बापानं लेकीच्या मुंडावळ्या ओढून काढल्या. मग बायका उठल्या. जावा, नणंदा, वाढपिणी, सगळ्या! सुभानरावाच्याच फेट्यानं त्याला मांडवाच्या मेढीला बांधला, आणि पाटलानं त्याला तसाच सरकारात नेला. तिथं त्यानं कबूल केलं. काळ्या पाण्यावर गेला म्हणतात. बोरदऱ्यात त्याचं नाव आजही कुणी पोराला ठेवत नाही.

ठकूबाई मांडवातून थेट सगुणाच्या माहेरी गेली. भावापुढं बसून तिनं निरोप सांगितला, शब्दाला शब्द. तो काय म्हणाला ते कोणी सांगत नाही. तिच्या मनगटावरचे वळ मात्र मरेपर्यंत गेले नाहीत.

आजही बोरदऱ्यात सासुरवाशीण लेक माहेरी आली, की कासारीण आधी पुरुषांना बाहेर घालवते. मग ठकूबाईचं नाव घेऊन लेकीची बाही कोपरापर्यंत वर करते आणि विचारते, "हात कोण धरतं गं?" लेक हसली तर बांगड्या भरते. गप्प राहिली, तर टोपली उंबऱ्यात ठेवून तिथंच बसते. लेकीला परत पाठवणार नाही असं बाप नाहीतर भाऊ तोंडानं म्हणेपर्यंत ती उठत नाही, पाणीही घेत नाही.

गेल्या श्रावणात एका घरी कासारीण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसली होती. ती लेक आता शेजारच्या आळीत शिवणकाम करते. हातात चुडा आहे, कोपरापर्यंत.