अरीशतची रेघ

सिदोनच्या जुन्या धक्क्यावर एका दगडावर लाटेसारखी रेघ कोरलेली आहे. फिनिशियन लोकांचं हे ‘मेम’ अक्षर, म्हणजे आपला ‘म’. पंडित त्याचा इतिहास वेगळा सांगतात, सांगोत बापडे. पण ही रेघ अरीशत कुंभारणीची, असं म्हातारे नावाडी बुत्रोस येणाऱ्या-जाणाऱ्याला ठासून सांगतात.

अरीशतचा नवरा म्हणे भर समुद्रात तहानेनं गेला. गलबतावर घडे होते, पण उघडले तेव्हा निघालं मासळी खारवायचं पाणी. गोड्या पाण्याचे घडे धक्क्यावरच राहिले होते. सगळे घडे तिच्याच हातचे, एकसारखे. ते तिच्या जिवाला फार लागलं.

पुढे मुलगा बोदोही गलबतावर निघाला. धक्क्यावर पुन्हा खारे-गोडे घडे एकत्र, तोंडं राळेनं बंद. उघडले तर पाणी नासेल म्हणून गलबताचा प्रमुख, तांडेल, हात लावू देईना. मग भर उन्हात अरीशत गुडघ्यांवर बसली आणि एकेका घड्याच्या पाझराला जीभ लावू लागली. गोडं लागलं की त्यावर दगडानं लाटेची रेघ ओढायची.

“आई, अख्खं बंदर हसतंय. घरी चल,” बोदो म्हणाला.

“हसू दे. तुझ्या बापाच्या वेळी कुणी चाखलं असतं, तर मी इथे बसले नसते.”

शेवटच्या घड्यापाशी येईतो मिठानं तिची जीभ सोलून निघाली होती. चवच कळेना. तांडेल म्हणाला, “ओढ एक रेघ, उशीर होतोय.” तिनं ओढली नाही. तो घडा धक्क्यावरच राहिला.

जीभ बरी झाल्यावर तिनं त्याची राळ काढली. पाणी गोडं होतं. एक घडा आपणच लेकाला कमी दिला, या विचारानं तिची झोप उडाली.

गलबत परतलं. सगळे जिवंत, पण शेवटचा दीड दिवस पाण्याविना कोरडे. अरीशत तोच घडा घेऊन उभी होती, रोज ताजं पाणी भरून. तिनं आधी स्वतः घोट घेतला, मग बोदोला पाजलं.

त्यांच्या बोलीत पाण्याचा शब्द ‘म’नं सुरू व्हायचा, म्हणून व्यापाऱ्यांनी त्या रेघेला तोच उच्चार दिला, असं सांगतात.

आजही इथल्या घड्यांवर ती रेघ असते. तरीही घरची बाई पाहुण्यादेखत आधी स्वतः घोट घेते. बुत्रोसांच्या घरीही पाहुणा बिचकतो. ते पेला पुढे करतात, “घ्या, गोडं आहे.”