हात बांधून बसलेला पाटकरी

फार फार वर्षांपूर्वी, धवळी नदीवरच्या दगडी बंधाऱ्याला अजून शेवाळही धरलं नव्हतं तेव्हा, वडपाडळ गावात झिपरू नावाचा पाटकरी होता. पाटकरी म्हणजे पाटाच्या पाण्याचा कारभारी. पाणी कोणाच्या वावरात कधी वळवायचं आणि कधी तोडायचं, हे त्यानं ठरवायचं. पाटाला बारा दारं होती आणि बाराही दारं झिपरूच्या एकट्याच्या हातात होती.

असं म्हणतात, की जमिनीला कान लावून तो कुठलं वावर तहानलंय ते सांगायचा. पुढे झिपरू चालायचा आणि मागून पाणी गाईसारखं यायचं. गावाचा नियम होता, शेवटच्या वावराला पाणी आधी. बावीस वर्षांत झिपरूनं तो एकदाही मोडला नाही. पाटलाचं वावर वरच्या अंगाला होतं, पण पाटलालाही थांबावं लागायचं. पाण्यावरून कोणाचं डोकं फुटलं नाही, मग दुसरं काय हवं?

“झिपरू आहे म्हणून गाव आहे,” असं लोक म्हणायचे. शेवटी माणूसच तो, त्याला ते गोड वाटायचं. इतकं गोड, की कोणी फावडं घेऊन मदतीला आलं तर तो हसून म्हणायचा, “ऱ्हाऊ दे, तुले जमाव नई.” लोकही मग फावडं खांद्यावर टाकून घरी जायचे. फुकटचा आराम कोणाला नको असतो?

झिपरूला केशर नावाची एकच लेक होती. आई लहानपणीच गेलेली, बाप सदा पाटावर. भाकरी बांधून पाटावर न्यायची आणि तिथंच बापाशी दोन शब्द बोलायचे, एवढंच तिचं माहेर. तिचं लग्न टेकडीपलीकडे पाच कोसांवरच्या गावात ठरलं, तेही नवऱ्याच्या दारी. गहू तेव्हा दाण्यावर आला होता. एक शेवटचं पाणी मिळालं की पीक हातात, नाही मिळालं की नुसता भुसा. झिपरूनं दारं नीट लावली आणि गावाला बजावलं, “मी येईपर्यंत कोणी दारांना हात लावायचा नाही.”

लग्न लागलं. बापानं लेकीचा हात सासूच्या हातात द्यायचा, ती वेळ आली. केशरनं हात पुढे केला. तेवढ्यात झिपरूच्या पायाखालची जमीन गुरगुरली. पाच कोसांवर चौथ्या दाराशी पाट फुटला होता आणि तो त्याला ऐकू आला, असं म्हणतात. झिपरू वळला आणि लग्नाच्या फेट्यासकट धावत सुटला. केशरचा हात तसाच पुढे राहिला. शेवटी मामानं तो सासूच्या हातात दिला.

झिपरू पोचला तेव्हा वरचा गहू पाण्यात आडवा झाला होता आणि शेवटचं, नथाबाईचं वावर कोरडं ठणठणीत पडलं होतं. नथाबाई एकटी विधवा बाई, तेवढ्याच वावरावर जगणारी. पाटाच्या काठावर चाळीस माणसं बसली होती. प्रत्येकाच्या शेजारी फावडं होतं आणि एकाच्याही हाताला चिखल नव्हता.

“बा, तुले न इचारता दारले हात कसा लावाना?” त्यांतला सर्वांत थोराड गडी म्हणाला. अगदी खरेपणानं म्हणाला.

झिपरूच्या तोंडात आलेली शिवी तिथंच विरली. त्याला लाज वाटली. पाणी त्यानं शहाणं केलं होतं, पण गाव अडाणी ठेवलं होतं. तो फुटलेल्या जागी पाठ लावून बसला आणि दिवसभर स्वतःच बांध होऊन राहिला, असं म्हणतात. पाट सांधला गेला, पण नथाबाईचा गहू गेला तो गेलाच.

मग झिपरूनं डोक्यावरचा फेटा सोडला, नथाबाईसमोर दोन्ही हात धरले आणि म्हणाला, “बांध. आते मी हात लावाव नई.”

नथाबाईनं बांधले. तिच्या मनात राग होता, त्यामुळे गाठ चांगलीच आवळली गेली. त्या वर्षी तिच्या कणग्या मात्र घराघरांतल्या गव्हानं भरल्या.

पुढे प्रत्येक पाण्याच्या वेळी झिपरू हात बांधून पाटाकाठच्या लिंबाखाली बसायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, पण उठायचा नाही. लोकांनी काय काय गोंधळ घातले! एकदा दोन दारं एकदम उघडली आणि देवळातला मारुती गुडघाभर पाण्यात उभा राहिला. झिपरू दातओठ खायचा. बांधलेल्या मनगटांतून पाण्याचे थेंब ठिबकायचे, असं म्हणतात. हळूहळू पोरीबाळींनाही दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं ते कळू लागलं.

वर्ष फिरलं आणि गहू पुन्हा दाण्यावर आला. नथाबाई लिंबाखाली आली आणि तिनं गाठ सोडली.

“जाय आते. लेकले भेटी ये.”

झिपरू पाच कोस चालत गेला. केशरनं पायांवर पाणी घातलं, पण वर पाहिलं नाही. मग हळूच विचारलं, “बा, पाणीले कोन दखस?”

“गाव दखस, माय.”

एवढं बोलून झिपरूनं तिचा हात धरला आणि तिच्या सासूच्या हातात दिला. वर्षभर राहून गेलेलं ते काम तेव्हा पुरं झालं. सासू मोठी खाष्ट बाई, पण तिनंही पदर डोळ्यांना लावला.

दुपारी झिपरूनं ओट्यावर आडवं होऊन जमिनीला कान लावला. दूर एक दार उघडलं. दुसरं बंद व्हायला जरा उशीर झाला, तसा तो अर्धा उठला. केशर दारातून पाहत होती. तो परत आडवा झाला. थोड्या वेळानं शेवटचं वावर पाणी पिताना त्याला ऐकू आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा झिपरू दुपारचा गाढ झोपला. लेकीकडे तो आठ दिवस राहिला.

वडपाडळात आजही गहू दाण्यावर आला की पाटकऱ्याचे हात फेट्यानं बांधतात, त्याला वेशीबाहेर नेऊन सोडतात आणि लग्न झालेल्या लेकीबहिणीकडे पाठवतात. आठ दिवसांच्या आत परतला तर त्याचं पाटकरीपण जातं. आणि सरपंचकीला कोणी उभा राहिला, हार घालून, हात जोडून भाषण करू लागला, की मागून एखादी म्हातारी हमखास विचारते, “ते समदं खरं. पन तू आठ दिन परगावले गया, तं पाणी शेवटना वावरमा जाई का?”

त्याचं उत्तर दिल्याशिवाय त्या गावात कोणाला मत मिळत नाही.