हातभर जागा

"शेवटपर्यंत दगा देणार नाही अशी गाडी कोणती, तेवढं सांगा."

टेंभुर्णेसाहेब विहाराच्या पायरीशी उभे होते. त्यांच्या आवाजात चौकशी नव्हती, तपासणी होती. पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी पूल बांधले होते आणि कंत्राटदार त्यांच्यासमोर उभे राहून बोलत.

भिक्खुणी आर्या विशुद्धा अंगण झाडत होत्या. खराटा थांबला नाही.

"दीक्षा घेण्याआधी तुम्ही गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर होतात म्हणे. म्हणून विचारतो. नाहीतर माझ्या मुलीच्या वयाच्या तुम्ही... मी सहसा कोणाला विचारत नाही."

"माहीत आहे. रत्नमालाताई सांगायच्या."

रत्नमाला म्हणजे साहेबांची बायको. दर पौर्णिमेला ती इथे यायची. साहेब फाटकाबाहेर गाडीत बसून पेपर वाचायचे. दोन महिन्यांपूर्वी ती गेली.

साहेबांनी ते नाव ऐकलं, पण त्यावर न थांबता ते आपलंच बोलत राहिले.

"कोणी म्हणतं टोयोटा घ्या, डोळे मिटून. कोणी म्हणतं होंडाचं इंजिन मरत नाही. मारुतीवाले तर गल्लोगल्ली. तुमचं मत काय?"

"वेळेवर तेल बदललं, तर यातली कोणतीही माणसाला पुरून उरेल."

"हे उत्तर नाही झालं, आर्याजी."

"नाही झालं."

खर्र... खर्र... पिंपळाची पानं पाराच्या कडेला गोळा होत होती.

"मला भरवसा पाहिजे," साहेब म्हणाले. "ही गाडी सोळा वर्षं वापरली. लेकरासारखी जपली. आणि ऐन वेळी हिने दगा दिला. ब्रेक लागला नाही."

अंगणात त्यांची करडी गाडी उभी होती. मागचा बंपर नवा होता. त्याचा रंग बाकीच्या गाडीशी जुळत नव्हता.

"तपासून घेतली?"

"पोलिसांनी तपासली. वर्कशॉपवाल्यांनी तपासली. म्हणे ब्रेक ठीक आहेत. त्यांना काय कळतं!"

"तुमच्या मुलाला?"

"तोही तेच म्हणतो. त्याने तर किल्ली लपवून ठेवली होती. बापाची किल्ली! मी शोधून काढली."

"आणि ज्या गाडीचा ब्रेक लागत नाही, तिच्यातून इथवर आलात?"

"...हळू आलो."

खराट्याचा आवाज क्षणभर चुकला. आर्या हसल्या की काय, ते कळलं नाही.

"ही मी विहाराला दान करतो," साहेब म्हणाले. "तिच्या नावाने. पाटी लावा हवं तर."

"बिनब्रेकची?"

"दुरुस्त करून घ्या ना. तुम्हाला तर सगळं येतं. सोमवारी मी नवी घरी आणतो. आधी नातीला एक चक्कर. ती तर नाचतेय. म्हणते, आजोबा, आता आजी नाही ना, मग मागे उभी राहून मी सांगत जाईन, येऊ द्या, येऊ द्या. सात वर्षांची आहे, पण चुणचुणीत."

खराटा थांबला.

आर्यांनी तो पाराला टेकवून ठेवला.

"त्या दिवशी रत्नमालाताई मागे उभ्या होत्या?"

"रोजच असायची. आमचं फाटक अरुंद. गाडी आत मागे घ्यावी लागते, कुंपणाच्या भिंतीपर्यंत. ती भिंतीपाशी उभी राहून सांगायची."

"काय सांगायच्या?"

"काय सांगणार? येऊ द्या, येऊ द्या, बस्स." साहेब किंचित हसले. "तिला अंदाज कधीच आला नाही. हातभर जागा असायची तरी बस्स म्हणून ओरडायची. मी आणखी घ्यायचो आणि उतरून दाखवायचो, बघ, किती जागा होती! चाळीस वर्षं हेच. नवरा इंजिनीअर आहे हे विसरायची."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी काय?"

"बस्स म्हणाल्या?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"म्हणाली असेल. पण ब्रेक लागला नाही."

गोळा केलेली पानं वाऱ्याने पुन्हा अंगणभर पांगली. आर्यांनी पानांकडे पाहिलंही नाही.

"दान घ्यायचं तर ब्रेक पाहावा लागेल," त्या म्हणाल्या.

"बघा की. मी कुठे नाही म्हणतो!"

"गाडी पारापर्यंत मागे घ्या. मी सांगते."

साहेब ऐटीत गाडीत बसले. दार लावलं. काच खाली केली.

आर्या गाडीच्या मागे गेल्या आणि दगडी पाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

आरशात साहेबांना आर्यांच्या अंगावरच्या चीवराचा भगवा रंग दिसला. एवढाच.

"येऊ द्या," आर्या म्हणाल्या.

गाडी हलली.

"येऊ द्या..."

पानं चाकांखाली चुरचुरली.

"येऊ द्या... बस्स."

गाडी येतच राहिली.

"बस्स!"

मग गाडी थांबली.

बंपर आणि पार यांच्यामध्ये आर्या होत्या. चीवराचं एक टोक दगडाशी चेपलं गेलं होतं. त्यांचे दोन्ही तळवे डिकीवर टेकलेले होते. त्या सरकल्या नव्हत्या.

साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा वैतागलेला.

"अहो, काहून ओरडता? हातभर जागा होती अजून!"

...

इंजिन चालू होतं.

साहेबांचं डोकं तसंच खिडकीबाहेर राहिलं. तोंड उघडं. ते आर्यांकडे बघत नव्हते. आर्यांच्या पाठीमागच्या दगडाकडे बघत होते.



मग त्यांनी गाडी थोडी पुढे घेतली. अगदी थोडी. किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं, तरी पाय ब्रेकवरून निघेना. त्यांनी दोन्ही हातांनी आपलाच गुडघा धरला. पाय खाली दाबतच होता.

आर्यांनी चेपलेलं चीवर सोडवलं. टोक फाटलं होतं. त्या सावकाश चालत खिडकीपाशी आल्या.

"ती... ओरडली होती," साहेब म्हणाले. "दोनदा."

आर्यांनी फाटलेलं टोक खांद्यावर घेतलं.

"मला वाटलं... नेहमीसारखंच..."

किल्ली त्यांच्या हातातून सुटली आणि पायाशी पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत.

"आर्याजी, सोमवारी... ती पोर..."



आर्यांनी खिडकीतून आत पाहिलं. खाली, त्यांच्या पायाकडे.

"ब्रेक लागतो, उपासक."