गुण्याचा तिसरा नियम

रुंद खाडीच्या दोन तीरांवर पुलाचे दोन उंच मनोरे चढत होते, त्या जुन्या काळची ही गोष्ट. काटकोन तपासणाऱ्या गुण्या या हत्याराला पेटीतल्या हत्यारांच्या रोजच्या वादांचा कंटाळा आला होता. मोजके पक्के नियम ठरवायचे आणि सगळं बांधकाम त्यांतूनच काढायचं, असा त्यानं हट्ट धरला. हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर त्यानं तीन नियम कोरले. ओळंबा सरळ खाली लोंबतो. गुण्याचा काटकोन अचूक असतो. कुठलेही दोन ओळंबे समांतर असतात.

तिसरा नियम कुणी तपासला नाही. त्यात तपासायचं काय?

दोरीला वजन टांगलेल्या ओळंब्यांच्या रेषेत दोन्ही मनोरे पूर्ण झाले. टेपनं त्यांच्यातलं अंतर पायथ्याशी मोजलं, मग माथ्याशी. माथ्याशी ते दोन बोटं जास्त भरलं.

"तुमच्यापैकी एक जण वाकडा लोंबला!" गुण्या दोन्ही मनोऱ्यांच्या ओळंब्यांवर कडाडला. तीनदा मोजलं, तरी चूक सापडेना.

शेवटी अलीकडचा ओळंबा हळूच म्हणाला, "गुण्यादादा, आम्ही दोघंही सरळच होतो. पण आमच्या दोऱ्या दगडातून, मातीतून खाली खाली नेल्या, तर खूप खोल कुठेतरी त्या एकमेकींना भेटतील. पृथ्वी गोल आहे, दादा. आम्ही दोघं तिच्या मध्याकडे बघत होतो."

समोरची खाडी सपाट दिसत होती आणि ती सपाट नव्हती. अख्खी पृथ्वी त्या दोन बोटांत येऊन उभी राहिली होती.

गुण्यानं तिसरा नियम खोडला. मग कितीतरी वेळ तो दुसऱ्या, स्वतःच्याच काटकोनाच्या नियमाकडे बघत राहिला.