दारातली दोन पिल्लं

“…पण मग ती कुत्री माझ्याच मुलीवर का धावली, बाबा?”

माळावर मेंढरं बसली होती आणि म्हस्कूबाबा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. काटा निघेपर्यंत देशमान्यांना ताटकळत उभं राहावं लागलं. तशी त्यांना सवय नव्हती.

वर्षापूर्वी याच माळावरून त्यांनी धनगरी कुत्र्याची दोन पिल्लं नेली होती. मुठीएवढे पंजे असलेली, सगळ्यांत थोराड तीच निवडून. “घरात सोडा,” एवढंच बाबा तेव्हा म्हणाले होते. देशमाने मनातल्या मनात हसले होते. कुत्र्यांवरची चार पुस्तकं त्यांनी वाचली होती, मेंढपाळाकडून आणखी काय शिकायचं?

पिल्लं घरी आली त्या दिवशी सहा वर्षांच्या ऋजुतानं त्यांची नावं ठेवली, लाडू आणि चिवडा. हात लावायची परवानगी मात्र तिला मिळाली नाही.

आता लाडू-चिवडा कमरेएवढे झाले होते. काल पिंजरा उघडा राहिला, दोघं ऋजुतावर धावले आणि लाडूच्या दातांत तिचा फ्रॉक आला. नशीब, नुसता फ्रॉकच. तेव्हापासून पोर खोलीबाहेर यायला तयार नव्हती. बायकोनं निर्वाणीचं सांगितलं होतं, आज संध्याकाळपर्यंत कुत्री गेली नाहीत तर मी हिला घेऊन माहेरी जाते.

“ठेवता कुटं?” बाबांनी विचारलं.

“फाटकाजवळ. मोठा पिंजरा केलाय.”

“खायला कोन घालतं?”

“फक्त मी.” देशमान्यांचा आवाज जरा चढला. “बाकी कुणी जवळही जायचं नाही, अशी ताकीद आहे घरात. एका हातचं खाल्लं की कुत्रं एकनिष्ठ राहतं.”

“मग ऱ्हायली की, तुमच्याशीच.”

देशमान्यांना ते चांगलंच झोंबलं.

“टोमणे नकोत, बाबा. त्यांना शिकवून देणार असाल तर सांगा. नाहीतर दोन्ही परत आणून सोडतो.”

बाबा उठले. पलीकडे दोऱ्यांच्या जाळीचं कुंपण होतं, वाघर. आत पंधरा-वीस कोकरं होती आणि त्यांच्या मधोमध एक भलंमोठं कुत्रं पसरलं होतं. एक कोकरू त्याच्या पाठीवर उभं होतं, दुसरं त्याचा कान चघळत होतं. कुत्र्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

“ह्यो तुमच्या पिल्लांचा बा. जावा आत.”

देशमाने जाळी ओलांडून आत गेले आणि… कुत्रं उठलं. भुंकलं नाही. नुसतं घशात गुरगुरत त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं.

देशमाने घाबरले होते, चांगलेच घाबरले होते. काल ऋजुताला काय वाटलं असेल ते त्यांना आत्ता कळलं, आणि वाईट वाटलं. काल तिला जवळ घ्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

“बाबा, बोलवा त्याला.”

बाबांनी हाक मारली नाही. बाहेरूनच वाकून एक कोकरू उचललं आणि देशमान्यांच्या हातात दिलं.

“बसा खाली.”

ते बसले. कोकरू त्यांच्या शर्टाचं बटण चोखायला लागलं. कुत्र्यानं आधी कोकरू हुंगलं, मग त्यांचे हात हुंगले… आणि परत जाऊन आपल्या जागी आडवं झालं.



“एवढ्यात ओळखलं मला?” देशमान्यांनी हळूच विचारलं.

“तुमाला कुटलं वळखतंय? त्ये कोकराला वळखतंय. डोळं उगडायच्या आदीपास्नं मेंढरांतच निजलंय, मेंढीचं दूध प्यालंय. राखायला आमी शिकवत न्हाय.”

देशमाने कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. घाई होती, संध्याकाळच्या आत घरी जाऊन काहीतरी सांगायचं होतं, पण उठवेना.

“मग आता मी काय करू, बाबा? कुत्र्यांना कुठून शिकवायला लागू?”

बाबांनी त्यांच्या मांडीवरच्या कोकराकडे पाहिलं.

“कुत्र्यांचं मागनं बगू, सायब… पोरीला मांडीवर घिऊन किती दिस झालं?”