रोजच्या वापराचा चाकू

“...मग बाबा, या तिन्हींतला रोजच्या वापराला कुठला ठेवावा?”

गावाबाहेरच्या माळावर गफूरबाबा फकिराचा तकिया होता, लहानशी मठीच. तिथल्या सतरंजीवर विश्वंभरपंतांनी खिशात मावणारे तीन घडीचे चाकू ओळीने मांडले होते. तिसरं माणूस आसपास नव्हतं.

पंतांची सगळी नोकरी कारखान्यात माल तपासून नापास करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माल संपला, मग ते माणसं नापास करू लागले. भाऊ तुटला, मित्र तुटले. बायको होती तोवर निभावलं. ती गेली आणि चार वर्षांत घराची बेल वाजवली ती फक्त दूधवाल्याने. एवढ्या उन्हात माळ तुडवत आले होते ते कोणीतरी दोन शब्द बोलावं म्हणून. पण तसं कबूल करतील तर ते पंत कसले!

म्हणून चाकू. लाकडी मुठीच्या चाकूचं पातं छान पातळ, पण उघडताना नख तुटायची वेळ येते. खटक्याचा एका हाताने उघडतो, पण खिसा ओढून खाली आणतो. तिसऱ्यात कात्रीपासून कानकोरण्यापर्यंत सगळं आहे, फक्त पात्याला धार टिकत नाही. महिनाभर पंतांनी तिन्ही पारखले होते. सुतळी, पेन्सिल, दुधाची पिशवी, रोज एक सफरचंद. कुठल्या चाकूने कापलेलं सफरचंद किती वेळाने काळं पडतं, तेही वहीत टिपलं होतं.

बाबांनी सगळं निवांत ऐकून घेतलं.

“काळं का पडू दिलं?”

“अर्धं मी खायचो. अर्धं उरायचं.”

“रोज?”

“...रोज.”

पंत पुढचं बोलायला गेले आणि काळ्या पडलेल्या अर्ध्या सफरचंदाची बशी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. एकदम भरून आलं. घरात दुसरं कोणी नाही हो, एवढंच कसंबसं म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले.

बाबांनी समजूत घातली नाही. चूल पेटवून काळा चहा केला, एक कप पंतांपुढे सरकवला. ऊन कलेपर्यंत दोघं बसून राहिले. पंतांना वाटलं, किती दिवसांनी आपण कोणाच्या शेजारी बसलो!

निघताना त्यांनी दोन चाकू खिशात टाकले. लाकडी मुठीचा बाबांना द्यायचा, असं मनाशी ठरलं होतं. चाकू कधी कोणाच्या हातात देऊ नये, खाली ठेवावा, घेणाऱ्याने तो उचलावा, ही घरोघरची रीत. पंतांनीही तो मिटून बाबांसमोर सतरंजीवर ठेवला.

बाबांनी उचलला नाही. हात पुढे केला.

“हातात दे.”

पंत घुटमळले.

“नको बाबा. हातातून हातात दिला की भांडण होतं. माझं सगळ्यांशी झालंय... तुमच्याशी नको.”

बाबांचा हात तसाच राहिला.

“होऊ दे. भांडायला तरी येशील.”