बोलावण्याचं फूल

फार पूर्वी, पार उत्तरेकडे, जिथे बर्फ आठ-आठ महिने हलत नाही, अशा एका गावात एक आई राहत होती. तिची एकुलती एक लेक खाडीपलीकडे दिली होती.

त्या गावात प्रत्येक दारापाशी एक रानफूल असे. पिवळं, शेवंतीच्या जातीचं, पण साधंसुधं. हिवाळ्यात त्याचा मागमूसही दिसत नसे. मुळं मात्र बर्फाखाली जिवंत असत आणि उन्हाळा आला की तिथूनच पुन्हा फुटत. रीत अशी होती, की आपल्या दारचं पहिलं फूल नावाड्याच्या हाती लेकीला धाडायचं. ते पोचलं की लेक माहेरी यायची. नुसत्या निरोपावर सासरची माणसं पाठवत नसत, आणि दुसऱ्याच्या दारचं फूल तर अशुभच मानत.

एका वर्षी लेक आली, महिनाभर राहिली आणि गेली. आईला घर खायला उठलं. पुढचा उन्हाळा कधी येतोय असं तिला झालं. बर्फ पडायच्या आधीच तिने दारचं रोप मुळासकट खणून काढलं, कुंडीत लावलं आणि चुलीशेजारी ठेवलं.

शेजारीण म्हणाली, "अगं, बाहेरच राहू दे त्याला. त्याला गारठा हवा असतो."

"गारठा कुणाला हवा असतो गं? उबेत लवकर फुलेल, नि पहिल्याच होडीने माझी लेक येईल."

रोप खरंच तरारलं. ऐन हिवाळ्यात हिरवीगार पानं आली. आईने ती शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवली.

उन्हाळा आला. दारोदार फुलं उमलली. कुंडीत मात्र पानंच पानं, कळी एकही नाही. नावाडी दारात आला तेव्हा आईने कुंडीच त्याच्यापुढे धरली.

"पुढच्या वर्षी, मावशी," तो म्हणाला आणि निघाला.

होडी दिसेनाशी होईपर्यंत ती काठावर उभी होती. लेकीच्या आठवणीने जीव तुटत होता, आणि ही आपलीच करणी, हेही तिला कळत होतं.

थंडी सुरू व्हायच्या आत तिने रोप पुन्हा दाराबाहेर लावलं. पानं काळी पडली, वर बर्फ साचला. कितीदा तरी वाटलं, जरा उकरून बघावं. पण तिने हात लावला नाही.

बर्फ वितळला आणि एकच फूल आलं. तिने ते नावाड्याला दिलं.

लेक आली. तिचं बोट धरून नुकतीच पावलं टाकू लागलेली एक चिमुरडी चालत होती. आई बघतच राहिली.

"गेल्या वर्षी बाळंतपणाला इथेच यायचं होतं, आई," लेक म्हणाली. "येणारी प्रत्येक होडी बघितली मी."

आईने नातीसाठी हात पुढे केले. नात अनोळखी बाईला बघून लेकीमागे लपली. आजीने डोळे पुसले, हात मागे घेतले आणि उंबऱ्यावर बसली.

"ओढू नकोस तिला," ती लेकीला म्हणाली. "येईल तिची ती."

जेवायच्या वेळेपर्यंत नात आजीच्या मांडीवर येऊन बसली होती.

तात्पर्य: ओढ कितीही खरी असली, तरी ज्याची वाट पाहतो त्याला त्याच्या वेळेनेच येऊ द्यावं.